फिनास्टेराइड: एक मिलिग्रॅमच्या गोळीचा हिशोब

स्ट्रिप हातात आली की आधी आकडा वाचा. फिनास्टेराइड दोन ताकदींत मिळतं, १ मिलिग्रॅम आणि ५ मिलिग्रॅम. औषध तेच. ५ ची गोळी अमेरिकेत १९९२ साली प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या पुरुषांसाठी मंजूर झाली, १ ची गोळी डिसेंबर १९९७ मध्ये पुरुषी टक्कलासाठी. मेडिकलच्या काउंटरवर गर्दीत एकीऐवजी दुसरी हातात पडू शकते, म्हणून चिठ्ठीवरचा आकडा आणि स्ट्रिपवरचा आकडा तिथेच उभं राहून जुळवून घ्यायचा.

‘मग ५ चीच घेतली तर केस लवकर येतील का?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही येत. वेगवेगळ्या मात्रा देऊन डोक्याच्या त्वचेतलं डीएचटी, म्हणजे टक्कलाला कारण ठरणारं संप्रेरक, मोजलं गेलं आहे. ०.२ मिलिग्रॅमला ते सुमारे ५७ टक्क्यांनी घटलं, १ मिलिग्रॅमला ६४ आणि ५ मिलिग्रॅमला ६९ टक्क्यांनी. मात्रा पाचपट झाली आणि पदरात पडले पाच टक्के. स्वस्त पडते म्हणून ५ ची गोळी चौथाई करून घेणारेही आहेत. आपल्याकडे १ ची गोळी सहज मिळत असताना हा उद्योग करू नये. तुकडे सारखे होत नाहीत, आणि त्यात आणखी एक धोका आहे, तो पुढे सांगतो.

डीएचटी म्हणजे काय, ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग ५-अल्फा रिडक्टेज नावाचं विकर डीएचटीमध्ये बदलतं. ज्यांच्या केसांची मुळं आनुवंशिकतेने डीएचटीला हळवी असतात, त्यांचा केस दर फेरीला आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो. काही वर्षांनी तिथे नुसती लव उरते. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या केसांना हा हळवेपणा नसतो, म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाचीही मागची झालर शाबूत राहते. १९७४ साली ज्युलिअ‍ॅन इम्परॅटो-मॅकगिनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावातल्या अशा कुटुंबांचा अभ्यास मांडला, ज्यांतल्या काही पुरुषांत हे विकर जन्मतःच कमी होतं. त्यांची प्रोस्टेट लहान राहिली होती आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. फिनास्टेराइडची कल्पना तिथून आली. ते या विकराचा दुसरा प्रकार अडवतं आणि रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी खाली आणतं. टेस्टोस्टेरॉन त्याने घटत नाही, उलट थोडं वाढतं.

आता खरी गोष्ट. हे केस राखायचं औषध आहे, आणि त्याच्याकडून ‘उगवून दे’ अशी अपेक्षा ठेवली की चौथ्या महिन्यात माणूस गोळी टाकून देतो. मूळ चाचण्यांत भोवऱ्यापाशी १ इंच व्यासाचं वर्तुळ आखून केस मोजले होते. सुरुवातीला तिथे सरासरी ८७६ केस होते. औषध घेणारे आणि दिखाऊ (औषध नसलेली) गोळी घेणारे यांच्यातला फरक एका वर्षाने १०७ केसांचा होता, दोन वर्षांनी १३८ चा, पाच वर्षांनी २७७ चा. हा फरक वाढत गेला तो मुख्यतः दुसऱ्या गटातले केस गळत राहिले म्हणून. पाच वर्षांनी फोटो तपासले तेव्हा औषध घेणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांचे केस वाढलेले दिसले, ४२ टक्क्यांचे होते तसेच होते, १० टक्क्यांचे कमी झाले होते. दिखाऊ गोळीवाल्यांत ७५ टक्क्यांचे कमी झाले होते. त्या ४२ टक्क्यांना आरशात काहीच बदल दिसला नसणार, आणि तरी औषधाने आपलं काम चोख केलं होतं. भोवऱ्यावर आणि मधल्या भागात परिणाम चांगला दिसतो, कपाळाच्या दोन कोपऱ्यांत कमी. जिथे त्वचा गुळगुळीत, चकाकती झाली आहे तिथे आशा धरू नये.

पण त्याआधी गळती पुरुषी टक्कलाचीच आहे का, हे ठरायला हवं. डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, ते सगळ्या डोक्यावरून जातात आणि बहुतेकदा आपोआप परत येतात. चाईत रुपयाएवढे गोल चट्टे पडतात. थायरॉइड बिघडला, लोह कमी पडलं तरी केस जातात. यांतल्या कशावरही फिनास्टेराइडचा उपयोग नाही. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, लावून जाड आणि बारीक केस शेजारी शेजारी आहेत का ते पाहतात, पुरुषी टक्कलाची तीच खूण. ऑनलाइन सात-आठ प्रश्न विचारून घरी पेटी पाठवणाऱ्या सेवांमध्ये ही पायरी गळून जाते, आणि माझ्या मते सगळ्यात महाग चूक तीच. आपल्याकडे ही गोळी शेड्यूल एचमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय ती विकायची नसते, आणि त्याला कारण आहे.

घ्यायची पद्धत सोपी आहे. रोज एक गोळी, जेवणाआधी किंवा नंतर, कधीही. वेळ एकच ठेवली की विसरायला होत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं, कारण औषध यकृतातच मोडतं.

सुरू करण्याच्या दिवशी चार फोटो काढा: कपाळ समोरून, दोन्ही कोपरे, आणि वरून भोवरा. केस कोरडे, लांबी ठरलेली, भांग त्याच जागी, उजेड त्याच खिडकीचा. पुढचे फोटो तीन महिन्यांनी. मध्ये रोज आरसा बघून काही कळत नाही. बाथरूमच्या दिव्याखाली ओले केस कुणाचेही विरळ दिसतात. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो आणि गळायच्या आधी सुमारे तीन महिने विश्रांतीत असतो, त्यामुळे सहा महिन्यांआधी मत बनवू नका आणि निकाल वर्षाने लावा. गोळी बंद केली तर मिळालेलं सगळं साधारण बारा महिन्यांत निघून जातं.

बरोबर मिनॉक्सिडिल, म्हणजे डोक्याला वरून लावायचं केसांचं औषध, असेल तर पहिल्या दोन महिन्यांत गळती वाढू शकते. विश्रांतीतले जुने केस नव्यांना जागा देत बाहेर पडतात. बहुतेक जण घाबरून इथेच थांबतात. ५ टक्क्यांचं द्रावण दिवसातून दोनदा, दर वेळी १ मिली, म्हणजे ६० मिलीची बाटली महिनाभर. बाटली अडीच महिने पुरत असेल तर मात्रा कमी पडते आहे. ड्रॉपर केसांवर फिरवला तर औषध केसांनाच लागतं. भांग पाडत पाडत ते थेंब त्वचेवर सोडायचे आणि बोटाच्या टोकाने पसरायचे. डोकं कोरडं हवं, तेल लावलेलं नको. आपल्या घरांत तेलाची सवय मोठी, तर तेल न्हाण्याच्या आधी लावावं आणि औषध धुऊन वाळलेल्या डोक्याला. लावल्यावर चार तास धुऊ नये. झोपायच्या दोन तास आधी लावलं नाही तर ते उशीला लागतं, उशीवरून गालाला, आणि गालावर लव दाट होते. द्रावणात अल्कोहोल असतं, तेव्हा गॅसजवळ किंवा सिगारेट पेटवत लावायचं नाही. खाज सुटून त्वचा सोलत असेल तर दोष बहुतेकदा त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. फेसाच्या रूपातल्या मिनॉक्सिडिलमध्ये ते नसतं, ते मागून बघा. घरात मांजर असेल तर फार सांभाळा. अंगाला लागलेलं थोडंसं औषध चाटूनही मांजराच्या जिवावर बेततं.

सुयांच्या रोलरबद्दलही विचारलं जातं. मुंबईच्या सायनमधल्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातून २०१३ साली शंभर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा दीड मिलिमीटरचा रोलर आणि मिनॉक्सिडिल, विरुद्ध नुसतं मिनॉक्सिडिल. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस पहिल्या गटात सरासरी ९१ ने वाढले, दुसऱ्यात २२ ने. रोलर फिरवल्यावर २४ तास मिनॉक्सिडिल लावायचं नाही, हा नियम त्या अभ्यासातही होता. घरी नेमका तोच मोडला जातो. टोचलेल्या त्वचेतून औषध रक्तात जास्त जातं आणि छाती धडधडते.

दुष्परिणामांबद्दल दोन टोकाचे सूर ऐकू येतात, ‘काही होत नाही’ आणि ‘आयुष्य बरबाद होतं’. मूळ चाचण्यांत कामेच्छा कमी होणं १.८ टक्क्यांत दिसलं, दिखाऊ गोळीवर १.३ टक्क्यांत. ताठरतेची अडचण १.३ विरुद्ध ०.७ टक्के, वीर्यस्खलनाची तक्रार १.२ विरुद्ध ०.७ टक्के. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर, काहींचं गोळी चालू असतानाच बरं झालं. पण गोळी बंद करूनही तक्रार राहिल्याच्या नोंदी आहेत आणि २०१२ साली अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात त्यांचा समावेश झाला. असं सांगणाऱ्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणं चूक आहे. मनाचा भाग असतो हेही खरं. ५ मिलिग्रॅमच्या एका इटालियन अभ्यासात दुष्परिणाम आधी समजावलेल्यांपैकी ४४ टक्क्यांनी लैंगिक तक्रार केली, न सांगितलेल्यांपैकी १५ टक्क्यांनी. म्हणून सुरू करण्याआधी आपली नेहमीची स्थिती प्रामाणिकपणे लिहून ठेवा, नंतर तुलना करायला काहीतरी हाताशी राहतं. छातीत गाठ, दुखरेपणा किंवा सूज जाणवली तर लगेच दाखवा.

मनःस्थितीचं मात्र थांबून बघण्यासारखं नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. आधी नैराश्य येऊन गेलं असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. गोळी घेताना मन खचू लागलं, झोप आणि रस उडाला, मरणाचे विचार आले, तर केसांसाठीची गोळी त्याच दिवशी थांबवा, डॉक्टरांना फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा. केस नंतर बघता येतील.

आता तुकड्यांचा धोका. पोटात मुलगा असताना आईच्या शरीरात हे औषध गेलं तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. अखंड गोळीवर आवरण असतं, पण फोडलेली किंवा चुरडलेली गोळी गरोदर बाईने हाताळायची नाही. बायकोच्या हातून गोळी कापून घेणं तर नकोच. मूल हवं असेल आणि राहत नसेल तर वीर्यतपासणीच्या वेळी गोळीचं सांगा. काहींत संख्या घटते आणि बंद केल्यावर सुधारते. रक्तदान गोळी बंद करून एक महिन्याने. ड्युटास्टेराइड हे याच जातीचं जास्त जोरदार औषध घेत असाल तर सहा महिन्यांनी, कारण अंगातलं ते निम्मं व्हायलाच सुमारे पाच आठवडे लागतात. ते डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त घटवतं. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये टक्कलासाठी त्याला मंजुरी आहे, पण पहिली गोळी म्हणून ते मागू नये. एखादा त्रास सुरू झाला तर औषध अंगातून जायलाच महिने लागतात.

ऑनलाइन सेवांच्या पेटीत येणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळीने टक्कल थांबत नाही. वर मोठ्या मात्रेत ती थायरॉइडच्या चाचणीचे आकडे चुकवते, म्हणून रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगायला हवं. लॅबचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. फिनास्टेराइडने पीएसए हा प्रोस्टेटचा आकडा साधारण निम्म्यावर येतो, १ मिलिग्रॅमनेही. तिशीत सुरू केलेली गोळी पन्नाशीत कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि तपासणीच्या पॅकेजमध्ये २.५ आलेला पीएसए ‘नॉर्मल’ म्हणून बाजूला ठेवला जातो. तो दुप्पट करून, म्हणजे ५ समजून वाचायला हवा. पन्नाशीच्या आसपास सुरू करत असाल तर पहिल्या गोळीआधी एक पीएसए करून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीच्या फॉर्मवर, औषधांच्या रकान्यात, ही गोळी लिहा.