खिडकीजवळचा तिसरा बाक

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असा समितीचा फोन आला तेव्हा मैदान, घंटा आणि गेटबाहेरचा वडापाव यांवर लिहायचं मी ठरवलं होतं. लिहायला बसलोही. दोन परिच्छेद झाले आणि हात थांबला. ज्यांच्याबरोबर ते मैदान तुडवलं, त्यांच्यातल्या काहींशी आज मला धड बोलता येत नाही. शाळेच्या अमृतमहोत्सवात हे लपवून गोड गोड लिहिणं मला जमेना.

नावं कुणाचीच घेत नाही. आमच्या १९८७ च्या दहावीच्या बॅचला ती सांगायची गरज नाही, आणि इतरांना त्यांचा उपयोग नाही.

आम्ही पाचवीत असताना, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या शाळेत गिरणीशी संबंध नाही असं घर शोधावं लागलं असतं. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. पहिले काही महिने 'आज मिटेल, उद्या मिटेल' यात गेले. जूनमध्ये सहावीचे वर्ग भरले तेव्हा अकरा मुलं दाखले काढून गावी गेली होती, कुणी साताऱ्याला, कुणी संगमेश्वरला. हजेरीच्या जुन्या यादीतून बाई नावं वाचायच्या, एखाद्या नावापाशी थांबायच्या आणि पुढे जायच्या.

माझा डबा बंद झाला होता. मधल्या सुट्टीत मी नळावर पाणी पिऊन यायचो आणि भूक नाही म्हणायचो. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर माझ्याशेजारी बसणारा मित्र कोकणी मुसलमान, गाव दापोलीकडचं, वडील गोदीत कामाला. त्याने मला काही विचारलं नाही. एक दिवस त्याच्या डब्यात तांदळाच्या भाकऱ्या दोनाच्या चार झाल्या. सोबत कांद्यावर परतलेला सुका जवळा. वरच्या दोन भाकऱ्या तो न बोलता माझ्या बाजूला सरकवायचा आणि वहीत बघत खायला लागायचा, मला त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून. ते वर्षभर चाललं. श्रावणात माझ्या भाकरीवर जवळ्याऐवजी गुळाचा खडा असायचा. आमच्या घरी श्रावण पाळतात हे त्याच्या आईला कुणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

मराठीच्या तासाला धडा वाचायला बाई त्यालाच उभं करायच्या. त्याच्यासारखं वाचणारं वर्गात दुसरं कुणी नव्हतं. सकाळच्या प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा सांगायलाही तो आणि आमचा फास्ट बोलर असे दोघे आलटून पालटून पुढे असायचे. ही प्रतिज्ञा पैडीमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या गृहस्थांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिली, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा समजलं असतं तर आमच्या वर्गातल्या त्या दोन तेलुगू विणकरांच्या मुलांना किती बरं वाटलं असतं. तिच्यातलं 'प्रत्येकाशी सौजन्याने वागेन' हे वाक्य फास्ट बोलर जरा जास्तच जोरात म्हणायचा, कारण त्यानंतर लवकरच प्रतिज्ञा संपायची आणि सगळे वर्गाकडे पळायचे. तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

आता या फास्ट बोलरबद्दल.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांतल्या दंगलींत मुंबईत ९०० माणसं मारली गेली, असं पुढे त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलं. आम्ही बावीस वर्षांचे होतो. बाकावरच्या मित्राचं घर आणि बोलरचं घर एकाच चाळीत, दोन मजल्यांच्या अंतरावर. जानेवारीतल्या त्या रात्री बोलरच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, मित्राच्या घरच्या पाच जणांना आपल्या खोलीत घेतलं, आतली कडी लावायला सांगितली आणि स्वतः बाहेर उंबऱ्याला लागून तांदळाचं सूप घेऊन बसल्या. पहाटेपर्यंत त्या तांदूळ निवडत होत्या. निवडून झालेले तांदूळ परत डब्यात ओतायच्या आणि पुन्हा सुपात घ्यायच्या. माणसं जिना चढून आली तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं, 'कोण पाहिजे?' जिन्याच्या तोंडाशी बोलर उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. माणसं परत गेली. मी समोरच्या गॅलरीतून हे पाहिलं आहे. खाली उतरायची हिंमत मला झाली नव्हती.

पुढे १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. सेंच्युरी बाजारच्या स्फोटात बोलरच्या मामांचा पाय गेला. त्या वर्षी मित्राचं कुटुंब मुंब्र्याला राहायला गेलं. सामान टेम्पोत चढवायला बोलरच होता. मामांच्या पायाचा जाब त्याने मित्राला कधी विचारला नाही, तसा विचारही त्याच्या मनात आला नसावा.

म्हणूनच आज तो जे पाठवतो ते मला सहन होत नाही.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप २०१५ ला झाला. पहिलं वर्ष फार आनंदात गेलं. जुने फोटो, बाईंची खबरबात, कुणाच्या मुलीचं लग्न. मग हळूहळू सुरू झालं. अमुक लोकांची संख्या किती वाढतेय, अमुक लोकांना भाड्याने जागा देऊ नका, भय्यांनी मुंबई खाल्ली, आरक्षणाचे डॉक्टर असलेच. हे शेवटचं ज्या दिवशी पडलं त्या दिवशी बीडीडी चाळीतून शिकून डॉक्टर झालेली आमची मैत्रीण ग्रुपवर होती. तिने उत्तर दिलं नाही. तिने बोलरच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलेलं आहे.

मी एकदा एका व्हिडिओचा माग काढला. आपल्याकडचा म्हणून फिरणारा तो व्हिडिओ भलत्याच देशातला आणि कित्येक वर्षं जुना निघाला. तसं ग्रुपवर लिहिलं. तासाभरात ॲडमिनचा मेसेज आला, 'कृपया ग्रुपवर राजकारण नको.' मूळ व्हिडिओ दोन दिवस तिथे होता, तेव्हा त्याला राजकारण म्हणावंसं कुणाला वाटलं नव्हतं. मला या गोष्टीचा जितका राग येतो तितका त्या व्हिडिओचाही येत नाही. ज्याने घाण टाकली त्याला कुणी हटकत नाही, आणि झाडू हातात घेणाऱ्याला सांगतात, धूळ उडवू नकोस.

जून २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज आमच्याही ग्रुपवर फिरला. आमच्यातल्या तिघांनी तो पाठवला. मी वाचला आणि फोन बाजूला ठेवला. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. एप्रिल २०२० मध्ये पालघरमधल्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच गेले. तिथेही आधी अफवाच पसरली होती. साधूंसाठी ग्रुप चार दिवस पेटला होता, आणि ते योग्यच होतं. राईनपाड्याच्या पाच जणांना दोन हात जोडलेली चित्रं मिळाली. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना पाठवता येईल असं केलं. पुढे खूप फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाणाची खूण आली, आणि २०२० पासून तसा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आमच्या बोलरने ते मनावर घेतलं नाही. तो एकेक करून पाठवतो. त्यासाठी त्याच्याकडे वेळ आहे.

बाकावरचा मित्र हे सगळं वाचत होता. तो सणाला शुभेच्छा द्यायचा, कुणी गेलं की दोन ओळी लिहायचा, बाकी गप्प. २०२० च्या त्याच एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, त्यांच्याकडून भाजी घेऊ नका असा मेसेज पडला. दुहेरी बाणाचाच. पाठवणारा आमचा बोलर. रात्री पावणेबाराला करड्या अक्षरांत ओळ उमटली, की मित्र ग्रुप सोडून गेला. तिच्याखाली सकाळी सहाला सूर्योदयाचं चित्र आणि सुप्रभात. साठ जणांत एकानेही विचारलं नाही. मीही ग्रुपवर विचारलं नाही. मी त्याला फोन केला तो पंधरा दिवसांनी.

'अरे, मला सवय झाली होती,' तो म्हणाला. 'पण मुलगी ऑनलाइन शाळेसाठी माझा फोन घेते. तिने वाचलं आणि विचारलं, अब्बा, ज्यांच्या गोष्टी तू सांगतोस ते हेच ना?'

मी बोलरला गाठलं. परळला एका हॉटेलात चहा घेत तासभर बसलो. तो वाईट माणूस नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, 'तो आपला आहे रे. त्याचं वेगळं. मी त्या लोकांबद्दल बोलतो.' मी म्हटलं, 'ते लोक म्हणजे कोण? त्याच्या बिल्डिंगमधला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेत कुणाच्या तरी शेजारी बसलाय. त्यांच्याही मित्रांना वाटतंय की आपल्यावाला तेवढा वेगळा.' त्यावर तो बराच वेळ चहाच्या ग्लासाकडे बघत राहिला. मग बिल त्याने दिलं. पुढचे आठ दिवस त्याचा मेसेज नव्हता. नवव्या दिवशी आला.

गेल्या महिन्यात महोत्सवाचं निमंत्रण घेऊन त्याच्या घरी गेलो. काकू आता शहाऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं. त्यांनी कार्ड हातात घेऊन लांब धरून वाचलं आणि मोठ्याने विचारलं, 'त्याला दिलंस का? मुंब्र्याला? त्याच्या आईचे गुडघे कसे आहेत?' मी बोलरकडे बघितलं. तो उठून पाणी आणायला गेला. परत आला तेव्हा काकू म्हणाल्या, 'तूच लाव ना रे त्याला फोन, बोलते मी.' त्याच्या फोनमध्ये मित्राचा नंबर नव्हता. मी सांगितला, त्याने एकेक आकडा टिपला, आणि नावाच्या जागी आम्ही शाळेत ज्या नावाने हाक मारायचो ते घातलं. फोन मात्र लावला नाही. 'रात्री लावतो,' असं आईला म्हणाला.

मुंब्र्याचं निमंत्रण मी स्वतः नेऊन दिलं. मित्र म्हणाला, 'बघतो. मुलीला शाळा दाखवायची होती.' खिडकीजवळचे बाक अजून लाकडीच आहेत का, असंही त्याने विचारलं. मी शिपायांकडे चौकशी केली. तिसरा बदलला आहे, पहिले दोन जुनेच आहेत.

हा मजकूर छापायला देईपर्यंत बोलरने फोन केलेला नाही. काकू मला विचारतात आणि मी त्याला विचारतो.