न गळणारे केस जातात कुठे?

बुंदी या आमच्या कुत्रीला घरी आणण्यासाठी सासूबाईंनी एकच अट घातली होती: देवघरात आणि ताटात केस दिसता कामा नयेत. त्यांच्या माहेरी, साताऱ्याकडे, कुत्रा अंगणात असे आणि उंबरठा ओलांडत नसे. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर अंगण आणायचे कुठून? म्हणून आम्ही पूडल जातीचे पिल्लू निवडले, टॉय म्हणजे सर्वांत लहान आकाराचे, जर्दाळूच्या रंगाचे, आणि केस गळत नाहीत म्हणजे केसांचा व्यापच नाही, अशा समजुतीत पहिले काही महिने मजेत घालवले. अट बुंदीने आजतागायत पाळली आहे. आमटीत एकदा केस निघाला खरा, पण तो हातभर लांब होता आणि माझा होता.

पूडलचे केस गळतच नाहीत, असे मात्र नाही. केस वाढतो, वाढायचा थांबतो आणि सुटतो, हे चक्र प्रत्येक कुत्र्यात चालू असते. लॅब्रडॉरचा केस ठरावीक लांबीला थांबतो आणि यथावकाश फरशीवर येतो. पूडलच्या केसाचा वाढीचा काळ बराच लांबतो, त्यामुळे तो आपल्या डोक्यावरच्या केसासारखा वाढत राहतो, आणि अखेर सुटला तरी शेजारच्या कुरळ्यांत अडकून अंगावरच राहतो. शुद्ध जातींच्या कुत्र्यांच्या केसांत दिसणारे बहुतेक वैविध्य अवघ्या तीन जनुकांवरून समजावून सांगता येते, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले होते: एक लांबी ठरवते, एक कुरळेपणा आणि एक मिशा-भुवयांचा झुपका. पूडलच्या वाट्याला यातले सगळेच आले आहे. झाडूचे काम वाचते ते असे, आणि कंगव्याचे वाढते तेही याच कारणाने.

हे मला कळले तेव्हा बुंदी दहा महिन्यांची होती. पिल्लाचे रेशमासारखे केस जाऊन मोठेपणीचे दाट केस येण्याचा तो काळ. याच दिवसांत गुंता सर्वांत वेगाने होतो. मी रोज न चुकता ब्रश फिरवत होते आणि वरून ती कापसाच्या पुंजक्यासारखी दिसत होती, पण खाली, कातडीला लागून, नमदा तयार झाला होता. त्यात मी तिला न विंचरता आंघोळ घातली. गुंता ओला झाला की वाळताना आणखी घट्ट आवळतो, हे मला ठाऊक नव्हते. शेवटी केस कापणाऱ्या बाईंनी सगळे केस मुळापासून उतरवले. आत काखेची कातडी लालभडक झाली होती. आपल्याकडे बाईच्या डोक्यात जट झाली की ती देवीची मानून वर्षानुवर्षे वागवली जाते, आणि ती कापण्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना घरोघरी समजूत घालावी लागते. बुंदीच्या अंगावरून उतरलेला तो अखंड पापुद्रा हातात घेतल्यावर, मानेला असे ओझे बांधून एखादी बाई आयुष्य कसे काढत असेल, हाच विचार मनात आला.

“ताई, ब्रश वरवर फिरवू नका. भांग पाडत जा, कातडी दिसली पाहिजे,” असे त्या बाईंनी सांगितले, आणि माझे सगळे शिक्षण या एका वाक्यातून सुरू झाले. एका हाताने केस वर धरायचे, खालची एक ओळ मोकळी करायची, ती मुळापासून टोकापर्यंत विंचरायची, मग वरची ओळ सोडायची. पायापासून सुरुवात करून पाठीपर्यंत असे चढत जायचे. यासाठी बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश लागतो. तो किती दाबून चालवायचा हे आधी स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहावे, कारण त्याने कातडी सोलवटते. शेवटी स्टीलचा कंगवा मुळाशी घालून फिरवायचा: तो कुठेही न अडकता बाहेर आला तरच काम झाले. कानामागची जागा, काखा, जांघा आणि पट्ट्याखालची मान येथे तो हमखास अडकतो. गाठ सापडली तर तिच्या मुळाशी केस चिमटीत धरावेत, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि टोकाकडून थोडेथोडे सोडवत यावे. कात्री लावण्याचा मोह टाळावा. गाठीबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते आणि ती दिसत नाही. सासूबाईंनी एकदा मायेने खोबरेल तेल चोळले. गाठ सैल झाली, पण दोन दिवस बुंदी स्वतःला चाटत राहिली आणि गॅलरीतली सगळी धूळ तिच्या अंगावर आली.

पुण्यातला पावसाळा हा या कुत्र्यांचा कसोटीचा काळ. फिरून आल्यावर टॉवेल खसाखसा घासला की नव्या गाठी तयार होतात. टॉवेल दाबून पाणी टिपायचे आणि मग कोमट हवेने मुळापर्यंत वाळवायचे. कुरळ्या केसांत गोचीड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बोटांच्या मधे, कानाच्या आत, शेपटीखाली चाचपून पाहावे लागते. गोचिडीतून होणारा ताप आमच्या ओळखीच्या एका कुत्र्याला चांगलाच महागात पडला आहे. तळव्यांच्या गाद्यांमधले केसही वेळेवर काढले नाहीत, तर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात.

दर पाच आठवड्यांनी केस कापून घेतो. यंत्राच्या पात्यांचे क्रमांक आपल्या अंदाजाच्या उलट चालतात: दहा नंबरने जेमतेम दीड मिलिमीटर केस उरतो, चार नंबरने सुमारे साडेनऊ. आम्ही चार नंबर सांगतो. पाहुण्यांना मात्र चित्रातले पूडल हवे असते, कमरेला तुळतुळीत आणि पायांत गोंडे. तो थाट फ्रान्सशी जोडला जात असला तरी ही जात मुळात जर्मन वळणाची, पाण्यात पडलेली शिकार काढून आणणारी. पोहताना ओझे होऊ नये म्हणून मागचे केस काढत आणि छाती व सांधे उबदार राहावेत म्हणून तेथले ठेवत, असे त्या कापण्याचे कारण सांगितले जाते. आमची बुंदी डबके दिसले की उचलून घ्या म्हणते.

एक गैरसमज मात्र मला खटकतो, कारण त्यापायी कुत्री परत केली जातात. केस गळत नाहीत म्हणजे ॲलर्जी होत नाही, असे विक्रेते बिनदिक्कत सांगतात. ॲलर्जी केसाची नसते. ती लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवणाऱ्या जातींच्या घरांतल्या धुळीत हे प्रथिन इतर घरांपेक्षा कमी आढळले नाही. लॅब्राडूडलची कथाही हेच सांगते. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये, अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतल्या वॉली कॉनरन यांनी हवाईतल्या एका अंध बाईंसाठी, त्यांच्या पतीला ॲलर्जी असल्यामुळे, लॅब्रडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लांचे केस आणि लाळ तपासणीसाठी पाठवली, तर एकच पिल्लू चालले. माझ्या नवऱ्याला कुत्र्यांमुळे शिंका येतात. पिल्लू ठरवण्याआधी आम्ही तीन रविवार पिल्लाच्या आईच्या घरी जाऊन बसलो होतो. तेथे त्रास झाला नाही, म्हणून धाडस केले. तरीही मी दिवाणखान्यात विंचरायला बसले की त्याला शिंका सुरू होतात. त्यामुळे स्लिकर आणि कंगवा आता गॅलरीतल्या खुंटीवर असतात, आणि संध्याकाळी सातला सासूबाई आपली खुर्ची तेथे नेऊन बुंदीचे डोके धरायला बसतात.