क्वाघ-हिर बघायचं तर रात्र तिथेच काढा

दिवस मावळल्यावर नायजेरियातल्या बेनुए राज्यातल्या रस्त्यांवर गाडी काढायची नाही, हे राजधानी अबुजात मला तीन वेगवेगळ्या माणसांनी बजावलं होतं. आणि क्वाघ-हिर, म्हणजे तिथल्या तिव लोकांचा सोंगांचा आणि लाकडी बाहुल्यांचा खेळ, अंधार पडल्याशिवाय उभाच राहत नाही. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की पुढचं सगळं नियोजन आपोआप ठरतं: दुपारी पोचायचं, रात्र तिथेच काढायची, उजाडल्यावर निघायचं. ‘संध्याकाळचा कार्यक्रम बघून हॉटेलवर परत’ असं डोक्यात असेल तर जाऊच नका.

तिव हा नायजेरियाच्या मध्य पट्ट्यातला शेतकरी समाज. माकुर्डी ही बेनुए राज्याची राजधानी, पण तिव लोकांचं मन ग्बोकोत. त्यांचा राजा, म्हणजे तोर तिव, तिथे असतो. गंमत म्हणजे ही गादी जुनी नाही, १९४०च्या दशकात इंग्रजांच्या काळात ती निर्माण झाली. त्याआधी सगळा कारभार भावकीचा, कुळाकुळांचा. त्यामुळे इथले मुखवटे दरबाराचे नाहीत. ते गावाचे आहेत, आणि एका गावचा संघ दुसऱ्या गावच्या संघावर मात करायला बघतो.

‘क्वाघ’ म्हणजे वस्तू, गोष्ट. ‘क्वाघ-हिर’ म्हणजे नवलाची गोष्ट. तिचं मूळ ‘क्वाघ-आलोम’मध्ये आहे. शेतातून परत आल्यावर रात्री अंगणात बसून सांगायच्या या कथा. आलोम म्हणजे ससा. आपल्याकडचा ससा एकतर सिंहाला विहिरीत ढकलतो नाहीतर कासवाकडून हरतो. हा आलोम मात्र पक्का लबाड, कुणालाही टोपी घालणारा. १९६०च्या सुमारास या तोंडी कथा, नाच, सोंगं आणि लाकडी बाहुल्या एकत्र येऊन आजचा खेळ तयार झाला. त्याचं श्रेय ग्बोको भागातल्या आदिक्पो सोंगो यांना दिलं जातं. तो काळ साधा नव्हता. उत्तरेच्या सत्ताधारी पक्षाविरुद्ध तिव लोक उठले होते. १९६०च्या दंगलीला ते ‘नांदे नांदे’, म्हणजे जाळा जाळा, म्हणतात आणि १९६४च्या दंगलीला ‘आतेमत्यो’, म्हणजे डोकी फोडणं. जे चावडीवर बोलता येत नव्हतं ते लाकडी बाहुली बोलून जायची. बाहुलीला अटक कोण करणार?

अबुजाहून माकुर्डी साधारण तीनशे किलोमीटर. केफी, अक्वांगा, लाफिया या मार्गाने आम्हाला सहा तास लागले, त्यातला बराच वेळ नाक्यांवर गेला. पासपोर्टची झेरॉक्स खिशात ठेवा, मूळ प्रत पिशवीच्या तळाशी. गाडी ओळखीच्या माणसाची घ्या. आमचा चालक मूळचा त्याच भागातला होता, दर नाक्यावर काच खाली करून दोन वाक्यं तिवमध्ये बोलायचा आणि गाडी पुढे निघायची. माकुर्डीत बेनुए नदी ओलांडताना शेजारी १९३२चा रेल्वेपूल दिसतो. फोटो काढायचा मोह आवरा. नायजेरियात पूल, नाके आणि गणवेशातली माणसं यांचे फोटो काढणं म्हणजे पायावर धोंडा.

सुरक्षेबद्दल स्पष्टच लिहितो. गुरं घेऊन फिरणारे पशुपालक आणि शेतकरी यांच्यातल्या संघर्षात या राज्यात फार माणसं गेली आहेत. मोकळ्या चराईवर बंदी घालणारा कायदा २०१७मध्ये आला, आणि १ जानेवारी २०१८ला गुमा आणि लोगो भागांतल्या हल्ल्यांत सत्तरहून अधिक लोक मारले गेले. त्यानंतरही हे थांबलेलं नाही. अनेक कुटुंबं अजून छावण्यांत राहतात. तेव्हा निघण्याच्या आठवड्यात स्थानिक माणसाला फोन करून विचारा, आणि तो ‘आत्ता नको’ म्हणाला तर तिकिटाचे पैसे गेले म्हणून हळहळू नका. आमचा पहिला बेत असाच रद्द झाला होता.

आमचे यजमान माकुर्डीत नाट्यशास्त्र शिकवतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते आम्हाला ग्बोकोपलीकडच्या त्यांच्या गावी घेऊन गेले. वेळ हीच निवडा, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस नसतो, याम या कंदाचं पीक निघालेलं असतं आणि नाताळसाठी शहरातली मंडळी गावी आलेली असतात. फक्त हरमॅटनचा वारा सहाराची धूळ घेऊन येतो. ओठ फुटतात, रात्री चांगलीच थंडी वाजते. मी अर्ध्या बाहीच्या शर्टात गेलो आणि मध्यरात्रीनंतर यजमानांच्या आईने दिलेलं ‘आंगेर’ अंगावर घेऊन बसलो. हे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं हातमागाचं कापड म्हणजे तिव माणसाची ओळख. दुसऱ्या दिवशी ते परत करताना माझी अडचण झाली, कारण त्या घ्यायलाच तयार होईनात.

खेळ नऊच्या पुढे सुरू झाला. मोकळं मैदान, चहूबाजूंनी गाव, एका टोकाला जनरेटरवरचे दोन दिवे. ग्बांदे हा त्यांचा ढोल, जोडीला सनईच्या जातीचं एक वाद्य आणि बायकांचा कोरस. हातात भोंगा घेतलेला निवेदक पुढे येऊन पुढचं सोंग कोण आणि ते कुठून आलंय ते सांगतो, लोक ओरडून उत्तर देतात, गाणं उचललं जातं आणि अंधारातून काहीतरी हलत यायला लागतं.

आधी मगर आली. वेताच्या सांगाड्यावर कापड, पुढे कोरलेला लाकडी जबडा, आणि ती पोरांच्या रांगेकडे इतक्या वेगाने सरपटली की अर्धी रांग आमच्या मांडीवर. मग तो चौकोनी डबा आला, ज्याच्यासाठी मी एवढा लांब गेलो होतो. कमरेएवढ्या उंचीची लाकडी चौकट, चारी बाजूंनी कापडाने झाकलेली, वर पाट आणि पाटावर रंगवलेल्या लाकडी बाहुल्या. एक शिंपी शिलाईमशीनवर बसलेला. पाय पायट्यावर, मान खाली, आणि शेजारून लाकडी बाई गेली की त्याची मान अलगद वळते! मैदानभर हशा. दुसऱ्या पाटावर दोघी बायका उखळात याम कांडत होत्या. मुसळं एकआड एक, ढोलाच्या ठेक्यात, एकदाही चुकली नाहीत. तिसऱ्यावर पोलिसाचा नाका होता. मोटारसायकलवाला थांबतो, पोलिसाचा हात पुढे होतो, आणि हात भरल्याशिवाय आडवा बांबू वर जात नाही. सकाळी त्याच अनुभवातून आलेला आमचा चालक हसून हसून खाली बसला.

माझं आजोळ कुडाळजवळचं. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या मी लहानपणापासून बघत आलोय. तिथे दोऱ्या वरून येतात आणि नाचवणाऱ्याची बोटं शोधली तर दिसतात. इथे दोऱ्या आणि काड्या पाटाच्या भोकांतून खाली उतरतात, आणि नाचवणारा डब्याच्या आत, चालता चालता. त्याला वरचं काहीच दिसत नाही. दोन बायकांची मुसळं न बघता एकाआड एक कशी पडतात, हे मला कळेना. म्हणून मी वाकून कापडाच्या फटीवर मोबाइलचा टॉर्च मारला.

ही चूक तुम्ही करू नका. मागून एका म्हातारीने माझा हात खाली दाबला आणि निवेदकाने भोंग्यावरून काहीतरी म्हटलं, त्यावर सगळं गाव हसलं. यजमानांनी नंतर अर्थ सांगितला: ‘पाहुण्याला पोट फाडून जेवण बघायचंय.’ ही सोंगं म्हणजे ‘अद्झोव’, रानातल्या अद्भुत योनी, अशी त्यामागची कल्पना. आत कोण आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, त्याची बायको कोरसमध्ये गात असते. तरी विचारलं तर उत्तर एकच, कोणी नाही. मी यजमानांना दोनदा विचारलं. इतका शिकलेला माणूस, दोन्ही वेळा सरळ चेहऱ्याने म्हणाला, “कोणी नाही.”

फोटोंसाठी आधी संघाच्या प्रमुखाला भेटा, फ्लॅश बंद ठेवा. सोंग आवडलं तर लोक पुढे जाऊन पैसे देतात. सुट्ट्या नायरा नोटा भरपूर ठेवा, गावात कार्ड चालत नाही. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, यजमानांच्या घरी पेयांचा एक क्रेट पोचवला तरी पुरतो. ‘म्सुघ’ एवढा एक शब्द पाठ करा. नमस्कारालाही चालतो, आभारालाही. शाकाहारींनी कांडलेल्या यामबरोबर तिळाची आमटी मागावी, उत्तम असते. पण त्यात सुकी मासळी कुटून घातलीय का ते आधी विचारा, कारण ‘मांस नाही’ या उत्तरात मासळी मोजत नाहीत.

२०१९मध्ये युनेस्कोने क्वाघ-हिरला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. गावात त्याचा उल्लेख एकाच माणसाने केला, तोही शेजारच्या गावचा संघ कसा वाईट आहे हे सांगताना. पहाटे अडीचच्या सुमाराला मी झोपेला शरण गेलो तेव्हा सोंगं संपलेली नव्हती.

परतीचं थोडं. पिवळ्या तापाची लस भारतातून निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, ती फक्त अधिकृत केंद्रांवरच मिळते. ते पिवळं कार्ड परत येतानाही लागतं. नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जाण्याआधीच सुरू करा. आणि कोरीव काम विकत घेतलंत तर नवंच घ्या, जुनं कितीही मोहात पाडो. देशाबाहेर नेताना त्यांच्या संग्रहालय आयोगाचा परवाना मागतात, माकुर्डीत किंवा अबुजात आधीच काढून ठेवा.

मी एक छोटं लाकडी डोकं आणलं, गावातल्याच सुताराने केलेलं, मागून दोरी ओढली की जबडा उघडतो. अबुजा विमानतळावर अधिकाऱ्याने कागद न वाचता आधी ती दोरी ओढली. मग पुन्हा ओढली. मग पलीकडच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला हाक मारली, आणि माझ्यामागची रांग वाढत गेली.