तुम्ही विचारलंत म्हणून : मी लग्नाला भाड्याची पैठणी का नेसते

"तुम्हा दोघांच्या पगारात एक पैठणी बसत नाही का?" हा प्रश्न गेल्या नऊ वर्षांत मला शेजारणींनी विचारला, कार्यालयातल्या मैत्रिणींनी विचारला, नणंदेने तर भर मांडवात विचारला. काहींनी तो काळजीने विचारला, काहींनी हळू आवाजात, जणू काही आमच्या घरी अडचण आहे आणि ती मी लपवते आहे. मी दर वेळी "कपाटात जागा नाही हो" असे सांगून विषय बदलत आले. ते उत्तर अपुरे होते, हे मला देताना माहीत असे. आता एकदाच, जमेल तितके पूर्ण, लिहून ठेवते.

आधी हिशोब सांगते, कारण विचारणाऱ्यांना तो लवकर पटतो. माझ्या लग्नात, 1996 साली, सासरहून मला शालू मिळाला. तो मी चारदा नेसले : माझे लग्न, दिरांचे लग्न, पुतण्याची मुंज आणि आमच्या घराची वास्तुशांत. त्यानंतर तो कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. जरीच्या साडीची घडी दर तीन-चार महिन्यांनी मोडून नव्याने घालावी लागते, ती मऊ सुती कापडात गुंडाळावी लागते, डांबरगोळी तिला लागू द्यायची नसते, हे सगळे मला माहीत होते. आईने शिकवले होते. पण नोकरी, मुलीच्या परीक्षा आणि सासऱ्यांचे आजारपण यांत घडी मोडायला बसण्याइतकी दुपार कधी मोकळी मिळाली नाही. 2014 साली मी तो उघडला, तेव्हा जर काळवंडलेली होती. पदर झटकला आणि कागद फाटावा तसा बारीक आवाज झाला. शालू मधल्या घडीवर, सरळ रेषेत, वीतभर उसवल्यासारखा फाटला होता. पदराकडून दुसरी घडी उलगडली, तिथेही तेच. जुनी जर वजनावर घेणाऱ्या एकाला मी तो देऊन टाकला. त्याने जर काट्यावर तोलली आणि माझ्या हातावर नऊशे रुपये ठेवले.

एवढ्यावर कोणीही म्हणेल की पुरे, कारण समजले. पण हे कारण नव्हे. शालू फाटला नसता तरी मी भाड्याचीच साडी नेसले असते, असे मला वाटते, आणि त्याचे मूळ 1986 साली साताऱ्यात झालेल्या माझ्या ताईच्या लग्नात आहे.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. वडिलांच्या पगारात मांडव, जेवणावळ, मानपान आणि वरपक्षाचे आहेर एवढेच कसेबसे बसत होते. आईकडे एक निळी इरकल आणि एक नारायणपेठी होती, दोन्ही नेसून मऊ झालेल्या. वधूमाय म्हणून काय नेसायचे, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारला नाही; लग्नाच्या आठ दिवस आधी पुण्याहून मोठी काकू आली आणि तिने आपली पैठणी आईच्या पुढ्यात ठेवली. जांभळी, हिरव्या काठांची, पदरावर मोर असलेली. पदर उलटा करून तिने आम्हाला दाखवला : मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच स्वच्छ होती, एकही धागा सुटा नव्हता. "हातमागाची आहे, म्हणून अशी," असे तिने सांगितले. आईने "नको वहिनी, एवढी भारी" म्हटले, काकूने "तुझी मुलगी ती माझी मुलगी" म्हटले, आणि ते ती मनापासून म्हणाली होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या हकिकतीत कोणी वाईट माणूस नाही.

नवरदेव कार्यालयाच्या दारात आला आणि आई औक्षणाला पुढे झाली. ताम्हनात निरांजन होते. ओवाळताना ती थोडी वाकली, खांद्यावरचा पदर घसरला आणि निरांजनावर आला. मी तिच्या मागे अक्षतांची वाटी घेऊन उभी होते. ज्वाळा दिसली नाही. केस जळल्यासारखा वास मात्र आला. रेशीम जळताना असाच वास येतो, हे मला त्या दिवशी कळले. आईने पदर चिमटीत धरून दाबला, औक्षण पूर्ण केले, जावयाला पेढा भरवला आणि बाजूला झाली. भोक हरभऱ्याच्या डाळीएवढे होते, एका मोराच्या मानेवर.

त्यानंतर दिवसभर आईने तेवढा पदर डाव्या मुठीत धरून ठेवला. कन्यादानाला बसतानाच काय ती मूठ सुटली, आणि तेव्हा पदर कमरेला असा खोचलेला होता की ती जागा आत जावी. ताईच्या लग्नाचा अल्बम आजही आमच्याकडे आहे. विहिणीशेजारी उभी असलेली आई, पंगतीत आग्रह करणारी आई, ताईची पाठवणी करताना रडणारी आई, असे तिचे अकरा फोटो त्यात आहेत. त्यांतल्या दहांमध्ये तिची डावी मूठ मिटलेली आहे. मुलीच्या गळ्यात पडून रडतानासुद्धा तिने एकच हात मुलीच्या पाठीवर ठेवलेला आहे.

साडी परत करण्याआधी वडील ती पुण्यातल्या एका रफूगाराकडे घेऊन गेले. त्याने काम चांगले केले. मग आई ती घेऊन काकूकडे गेली, जागा स्वतःहून दाखवली आणि रुमालात बांधलेले पैसे पुढे केले. काकूने पैशांना हातही लावला नाही. "अगं, असू दे. एवढं काय त्यात!" असे म्हणून तिने साडीची घडी घातली, आणि घालताना रफूची बाजू आत जाईल अशी ती घातली. मी तिथे होते. आईने ते पाहिले, आणि आईने पाहिले हे मी पाहिले.

काकूने पैसे घेतले असते तर, असा विचार मी पुढे कित्येक वर्षे केला. तिने दोनशे म्हटले असते, पाचशे म्हटले असते, वर्षभर हप्ते पाडले असते, तरी एक दिवस ते फिटले असते. घेतलेच नाहीत, म्हणून ते कधी संपलेच नाही. त्यानंतर काकूच्या घरच्या प्रत्येक कार्याला आई दोन दिवस आधी पोहोचू लागली. गौरी-गणपती असो, चुलतभावाची मुंज असो, डोहाळजेवण असो; ती मागच्या दारी विळीवर बसलेली असे. कोणी सांगितले नव्हते. काकू "तू पाहुणी आहेस, उठ" म्हणत असे आणि आई उठत नसे. 2011 साली आई गेली, तेव्हा काकू भेटायला आली आणि माझा हात धरून म्हणाली, "त्या साडीचं तिनं फार मनाला लावून घेतलं गं. मी तिला कधी एका शब्दानं बोलले नाही." ते अक्षरशः खरे होते.

आता भाड्याच्या साडीकडे येते. 2016 साली भाचीच्या लग्नासाठी मी पहिल्यांदा पैठणी भाड्याने घेतली. तीन दिवसांचे भाडे अठराशे रुपये, अनामत पाच हजार. ज्यांनी हे कधी केलेले नाही त्यांच्यासाठी सांगते : साडीच्या आतल्या टोकाला एक पांढरी पट्टी शिवलेली असते, तिच्यावर नंबर असतो. देताना दुकानदार साडी पूर्ण उलगडून दाखवतो, आधीचे डाग आणि ओढलेले धागे पावतीवर लिहितो आणि सही घेतो. ब्लाउजला दोन्ही कुशींत भरपूर माया सोडलेली असते. आपल्या मापाला तो तिथेच बसून घट्ट किंवा सैल करून देतात. आणलेली साडी मी घरी नीट न्याहाळली. ब्लाउजच्या कुशीत जुन्या टाक्यांच्या तीन ओळी होत्या, तीन वेगवेगळ्या बायकांच्या मापांच्या. मला त्यांची किळस आली नाही. ज्यांना येते त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण धुऊन, इस्त्री करून आलेल्या कापडाबद्दल "दुसऱ्याच्या अंगावरचं" असे म्हणणाऱ्यांनी हॉटेलातल्या चादरीवर झोपताना हा विचार केलेला मी पाहिलेला नाही.

त्या लग्नात पंगतीला वाढप्याच्या हातून आमटी माझ्या निऱ्यांवर सांडली. हळद आणि तेल, दोन्ही. माझा हात नकळत निऱ्यांकडे गेला आणि मी ती जागा मुठीत धरली. मुलगी शेजारी बसली होती. "आई, जेव ना," एवढेच ती म्हणाली. रात्रभर मला झोप लागली नाही. सोमवारी मी दुकानात गेले आणि दारातूनच डागाबद्दल सांगायला सुरुवात केली. दुकानदाराने साडी उजेडात धरली, अंगठ्याने डाग चोळून पाहिला, "ड्रायक्लीनिंगचे आणि डाग काढण्याचे मिळून सातशे" असे म्हणाला, पावतीवर ते लिहिले आणि त्रेचाळीसशे रुपये मोजून परत दिले. मग त्याने मागच्या बाईंना "बोला" म्हटले. मी बाहेर येऊन फुटपाथवर उभी राहिले आणि रडले. सातशे रुपयांत ते मिटले होते. माझ्या आईचे पंचवीस वर्षांत मिटले नव्हते.

तुम्ही विचारता त्याचे उत्तर हे आहे. आता त्याच्या विरुद्ध जे आहे तेही लिहिते, कारण ते मला तुमच्याआधीच ठाऊक आहे.

पूर्वी मीच म्हणत असे की भाड्याचे रेशीम नेसण्यापेक्षा स्वतःचे सुती नेसावे. हे मी एका सहकारी बाईंना तोंडावर ऐकवले होते आणि त्या दुखावल्या होत्या. आज त्या जुन्या मला मी खोडून काढू पाहते आणि मला ते पूर्णपणे जमत नाही. आईने निळी इरकल नेसली असती तर काय झाले असते? विहिणीने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले असते, इतकेच. मग तिने ती का नेसली नाही, आणि मी माझी साधी साडी का नेसत नाही? याला माझ्याकडे एकच प्रामाणिक उत्तर आहे, की त्या दिवशी भारी नेसावे असे मला वाटते, तिलाही वाटत असावे, आणि त्या इच्छेची मला लाज वाटत नाही. पण हे उत्तर त्या जुन्या मला पुरे पडत नाही.

दुसरी गोष्ट विणणाऱ्यांची. येवल्याच्या एका विणकर बाईंनी मला विचारले होते, "सगळ्यांनी भाड्यानं नेसली तर आम्ही विणायची कोणासाठी?" एकेक मोर हाताने धागे अडकवून विणायचा, साध्या पदराला काही आठवडे आणि भरगच्च नक्षीला काही महिने लागायचे, असे ते काम आहे. दुकानदारही साड्या विकत घेतोच, असे मी त्यांना सांगितले. पण मी ज्या साड्या भाड्याने आणते त्यांतल्या बहुतेकींचा पदर उलटा केला की मागे सुटे धागे लोंबताना दिसतात. त्या यंत्रमागाच्या असतात. हातमागाची साडी तीनशे जणींच्या अंगावर द्यायला दुकानदाराचे मन होत नाही. म्हणजे माझ्या भाड्यातला एक रुपयाही त्या बाईंपर्यंत पोहोचत नाही. हे मला टोचते आणि यावर माझ्याकडे तोड नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मुलीची. 2023 साली तिचे लग्न ठरले. मामाकडून येणारी पिवळी साडी सोडली तर बाकी सगळे भाड्याने आणू, असे मीच सुचवले होते आणि तिलाही ते मान्य होते. केळवणाच्या आदल्या दिवशी मात्र ती माझ्या कपाटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, उद्या तुझी एखादी नेसते." मी म्हटले, "अगं, हवी तशी आणू की दुकानातून." त्यावर ती म्हणाली, "भाड्याची मी माझी आणेन. मला तुझी हवी आहे." कपाटात रोजच्या वापराच्या साड्या होत्या. शालूची जर तोलली गेली होती. तिच्या लग्नातल्या फोटोंत माझे दोन्ही हात मोकळे आहेत, एका फोटोत मी तिला दोन्ही हातांनी धरले आहे. पण त्या फोटोतली मोरपंखी साडी कुठे आहे, असे तिची मुलगी उद्या विचारील तेव्हा "मंगळवारी परत केली" एवढेच मला सांगता येईल.

गेल्या दिवाळीत मी काकूकडे गेले होते. काकू आता थकली आहे. कपाटाच्या किल्ल्या सुनेकडे आहेत. तिने ती जांभळी पैठणी बाहेर काढली. दर काही महिन्यांनी ती घडी बदलते, असे तिने सांगितले, आणि साडी खरोखरच नव्यासारखी होती. मी पदर मांडीवर घेऊन मोरांच्या माना बोटांनी चाचपल्या. रफू सापडेना. खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरला तेव्हा एका मानेवर धागे किंचित दाट दिसले. सून म्हणाली, "ताई, मार्गशीर्षात तुमच्या पुतण्याचं लग्न आहे ना? ही नेसा तुम्ही. सासूबाईंनाही बरं वाटेल." काकूने पलंगावरून मान हलवली.

मी "बघते" म्हटले. दुकानाची पावती माझ्या पर्समध्ये आहे, एक हजार आगाऊ दिलेले आहेत. त्यांना मी अजून काहीच कळवलेले नाही.