अण्णांची इम्युनिटी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘अण्णांची इम्युनिटी कमी झाली होती का गं?’ हे मला दहाव्याला विचारलं, हळदीकुंकवाला विचारलं, परवा सांगलीच्या गणपती मंदिरासमोर चपला शोधतानाही विचारलं. विचारणारीच्या तोंडावर पुढचं वाक्य असतंच: आम्ही रोज काढा घेतो.

नव्हती कमी. अण्णा गेले ते सीजेडीने, म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब नावाच्या मेंदूच्या आजाराने. हळदीच्या दुधाचंही सांगू नका. मार्केट यार्डात चाळीस वर्षं दिवाणजी असलेला माणूस. घरी यायचा तेव्हा सदऱ्याच्या शिवणीसुद्धा पिवळ्या असायच्या. आणि खाण्यातून आलं म्हणाल, तर गळ्यात माळ होती. १९९६ साली ब्रिटनमध्ये उघडकीस आला तो गायींच्या मांसातून होणारा प्रकार वेगळा. अण्णांना झाला तो सीजेडी आपला आपण उद्भवतो, वर्षाला दहा लाखांत एखाद-दोघांना.

हा आजार होतो तो प्रिऑन नावाच्या प्रथिनामुळे. ते तुमच्या-माझ्या मेंदूतही आहे. त्याची घडी कुठेतरी चुकते, आणि ती चुकलेली घडी शेजारच्या प्रथिनाला आपल्यासारखी करून घेते. जंतू नाही, विषाणू नाही. १९८२ साली स्टॅन्ली प्रुसिनर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे मांडलं तेव्हा कितीतरी शास्त्रज्ञांना पटलं नव्हतं. १९९७ला त्यांना नोबेल मिळालं. प्रथिन घरचंच, म्हणून शरीर त्याला परकं मानत नाही. अण्णांना एक दिवस ताप नव्हता. पाठीतलं पाणी काढलं, तेही स्वच्छ.

आता थोडं तुमच्या बाजूने बोलते. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात, त्या या आजारात खडबडून जाग्या होतात. सुरुवातीला कचरा उचलतात. उंदरांमध्ये त्या काढून टाकल्या तर आजार उलट जोरात धावतो. पण जागरण लांबलं की त्यांच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं सुटतात आणि चांगल्या पेशींनाही झळ बसते. तेव्हा इम्युनिटी कमी की जास्त, हा हिशोब इथे बसतच नाही.

हे मला तेव्हा कळत होतं असं नाही. अण्णांनी एका शेतकऱ्याच्या पट्टीत बेरीज चुकवली, तिथून सगळं सुरू झालं. तीन आठवड्यांत कुकरची शिट्टी झाली की सगळं अंग दचकायला लागलं. मिरजेला दाखवलं. एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाले, सीजेडीच वाटतो. पण शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते असाही एक आजार असतो, दिसायला पुष्कळदा असाच, आणि त्याला औषध आहे. म्हणून पाच दिवस सलाइनमधून स्टिरॉइड देऊन पाहू.

त्या संध्याकाळी मी हरिपूरला संगमेश्वरापुढे उभी राहून नवस बोलले: देवा, अण्णांची इम्युनिटीच बिघडलेली निघू दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, “आज दर काय निघाला?” आठ दिवसांत पहिलं धड वाक्य. मला दर कुठला माहीत! दादाला यार्डात फोन लावला, तो सौद्यात होता, पुन्हा लावला. दर कळला तोवर अण्णांचे डोळे मिटले होते. तरी मी व्हरांड्यातून पळत जाऊन आईला सांगितलं, अण्णा परत आले. डॉक्टर म्हणाले, ताई, असं मधेच होतं. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाचव्या दिवशी चमचा कशाला असतो हे अण्णांना कळेना. मी हटून बसले: याच्या पुढचं महागडं इंजेक्शन असतं ना, इम्युनोग्लोब्युलिनचं, ते द्या. डॉक्टरांनी समजावलं. दादाने समजावलं. आईने मुकाट्याने पाटल्या काढून दिल्या, त्या सराफाकडे गहाण पडल्या. काही फरक पडला नाही. पट्टी चुकल्यापासून अकराव्या आठवड्यात अण्णा गेले.

तर ज्या प्रश्नावरून मी तुमच्यावर चिडते, तो आधी मीच विचारलाय, तोही आईच्या पाटल्या मोडून. हो, मोडूनच, सोडवता आल्या नाहीत.

त्या दिवशीच्या माझ्याशी मी अजून भांडते. म्हणते, डॉक्टर सांगत होते, ऐकायचं होतंस, आईच्या हातात पाटल्या राहिल्या असत्या. ती ऐकून घेते आणि विचारते, मग दर कोणी विचारला?