पार्क बंद पडलं, वार्षिक पासाचे पैसे कसे मागायचे

समजा वॉटर पार्कचा वार्षिक पास 1 जून ते 31 मे असा आहे. 1 मार्चला पार्क बंद पडलं आणि 31 मेपर्यंत उघडलंच नाही. बंद दिवस भरले 92. मग मेसेज येतो, ‘आपल्या पासाला 92 दिवसांची मुदतवाढ देण्यात आली आहे.’ वरवर हिशेब चोख दिसतो. पण हे वाढीव 92 दिवस कोणते? 1 जून ते 31 ऑगस्ट. एप्रिल-मेच्या उन्हात पोरांनी पाण्यात डुंबावं म्हणून आई-बापांनी पैसे भरले आणि हातात आला बेळगावचा पावसाळा.

त्यात सीमाभागाची आणखी एक अडचण आहे. आपल्याकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या, शाळांना सुट्टी लागते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आणि मे अखेरीस शाळा पुन्हा भरतात. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. त्यामुळे कोल्हापूर-पुण्याकडचं पार्क ‘15 जूनपर्यंत मुदत वाढवली’ म्हणतं तेव्हा कोल्हापूरच्या मुलांना दोन आठवडे खरोखर मिळतात, निपाणी-खानापूरच्या मुलांना दोन रविवार. म्हणून मुदतवाढीचा मेसेज आला की आधी कॅलेंडर उघडून बसा. वाढीव दिवसांत सुट्टीचे, उन्हाळ्याचे, पासावर बंदी नसलेले दिवस किती, ते मोजा. पुढच्या मार्च ते मेची मुदत मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. नाहीतर पैसे मागा, आणि लगेच मागा. मुदतवाढ मुकाट्याने वापरायला सुरुवात केली की ‘ग्राहकाने पर्याय स्वीकारला’ हे वाक्य पुढे प्रत्येक उत्तरात येतं. पार्क उघडल्यावर एकदा जरी पास स्कॅन केला, तरी तो त्यांच्याकडे पुरावा होतो.

पार्क बंद का आहे, यावर हक्क किती ते ठरतं. अटींमध्ये आधीच छापलेली वार्षिक दुरुस्ती किंवा पावसाळी बंद यासाठी काही मागता येत नाही, कारण तो काळ धरूनच किंमत ठरलेली असते. एक-दोन राइड बंद असतील तरी तेच. मात्र ज्या राइडच्या नावावर पास विकला ती महिनोन्महिने बंद असेल तर मागणी टिकू शकते. सरकारी आदेशाने, अपघातानंतर किंवा मालकाच्या अडचणीमुळे सगळं पार्कच बंद राहिलं, तर त्या दिवसांचे पैसे मागायला जागा आहे. पार्कवाले अशा वेळी ‘फोर्स मज्युअर’चं, म्हणजे आवाक्याबाहेरच्या घटनेचं, कलम दाखवतात. ते कलम नीट वाचा. सेवा देता आली नाही म्हणून दंड लागू नये, एवढंच त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेऊ, असं स्पष्ट शब्दांत क्वचितच असतं, आणि नेमका हाच मुद्दा तक्रारीत मांडायचा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 65 चं तत्त्वही हेच: करार रद्दबातल ठरला तर त्याखाली घेतलेला लाभ परत करावा लागतो.

पार्क उघडं पण रस्ता बंद, हा प्रकार मात्र आपल्याच वाट्याला येतो. 2021 मध्ये कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल मागितला जात होता. जाणं जमलं तरी परत येताना अडकायची भीती. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा दिवसांसाठी पार्कला दोष देता येत नाही, कारण त्यांनी सेवा उघडी ठेवली होती. इथे कायद्याची भाषा वापरू नका. नम्रपणे मुदतवाढ मागा, सोबत महामार्ग बंद असल्याची बातमी जोडा. बऱ्याच वेळा मिळते. आणि हे दिवस पार्क बंद असण्याच्या दिवसांत मिसळू नका. एक कच्चा आकडा सापडला की पक्के आकडेही संशयात येतात.

आता रक्कम. पासाची किंमत 6,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,080, एकूण 7,080 धरू. 92 बंद दिवसांचे झाले 7,080 × 92 ÷ 365, म्हणजे 1,784 रुपये 55 पैसे. पार्क बहुधा मूळ 6,000 वर हिशेब करून 1,512 रुपये 33 पैसे देऊ करतं आणि ‘कर सरकारजमा झाला, तो परत होत नाही’ असं सांगतं. हे मान्य करू नका. जीएसटी कायद्याच्या कलम 34 प्रमाणे विक्रेता क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची नोंद) काढून आपली करदेयता कमी करू शकतो. त्यासाठी मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत असते. ती तारीख टळून गेली की त्यांची अडचण खरी होते, म्हणून मागणी लवकर जायला हवी. करासकट आणि कराविना हिशेबातला हा फरक चार माणसांच्या कुटुंबाला 1,089 रुपयांच्या आसपास पडतो.

याहून मोठी चूक भागाकारात होते. जून ते सप्टेंबर पार्क बंद राहील असं अटींमध्येच छापलेलं असेल, तर पास 365 दिवसांचा नव्हताच. ते 122 दिवस वजा केले की उरतात 243. मग 7,080 × 92 ÷ 243 = 2,680 रुपये 49 पैसे. एकाच पासाचे जवळपास 900 रुपये इथे गायब होतात आणि सहसा कोणी विचारत नाही. शनिवार-रविवारी चालत नाही असा स्वस्त पास असेल तर बंद काळातले आणि पूर्ण मुदतीतले, दोन्हीकडचे शनिवार-रविवार वगळा. ‘तुम्ही पाच वेळा येऊन गेलात, पास वसूल झाला’ हे उत्तर आलं तर एकच प्रश्न विचारा: पासावर फेऱ्यांची संख्या लिहिली आहे की मुदत?

हप्त्याने घेतलेल्या पासात घाई वेगळी असते. पार्क बंद झालं तरी पुढचा हप्ता आपोआप कापला जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्ड किंवा यूपीआयवरच्या अशा आवर्ती वजावटीआधी किमान 24 तास सूचना यावी लागते. त्यात व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख आणि मँडेटचा (हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेल्या परवानगीचा) क्रमांक असतो. हा एसएमएस जाहिरातीसारखा दिसतो आणि बाकीच्या मेसेजांबरोबर पुसला जातो. पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइल, मग ऑटोपे, मग त्या पार्कचं मँडेट उघडलं की तात्पुरतं थांबवण्याची किंवा कायमचं रद्द करण्याची सोय दिसते. पार्क उघडणार असेल तर तात्पुरतं थांबवा. एनॅच (बँक खात्यातून थेट हप्ता कापण्याची सोय) असेल तर बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुढच्या वजावटीच्या आदल्या दिवशी गेलात तर हप्ता बहुधा कापला जाईल.

मँडेट थांबवलं त्याच दिवशी पार्कला ईमेल गेलाच पाहिजे. नुसतं थांबवलं तर त्यांच्या संगणकात तुम्ही हप्ते बुडवणारे ठरता, पास रद्द होतो आणि पुढे मागचे सगळे हप्ते एकदम मागितले जातात. मोठमोठ्या पार्कांतही असे घोळ झालेत. फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डने 2020 च्या कोरोनातल्या बंद काळात मासिक हप्ते थांबवले होते, पण जुलै 2020 मध्ये पार्क उघडताना काही पासधारकांच्या खात्यातून साचलेले हप्ते चुकून एकरकमी कापले गेले आणि मग कंपनीला ते परत करावे लागले. कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड 14 मार्च 2020 पासून बंद होतं, ते 30 एप्रिल 2021 ला उघडलं. तिथे जानेवारी 2021 मध्ये वार्षिक पासाची योजनाच गुंडाळून उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात पैसे परत दिले. तिथला कायदा वेगळा, पण किती दिवस मिळाले त्या प्रमाणात हिशेब करण्याची पद्धत तीच आहे.

क्रेडिट कार्डाच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर पास घेतला असेल तर हप्ते भरणं बंद करू नका. बँकेने पार्कला पैसे कधीच चुकते केलेत, ते कर्ज आता तुमचं आणि बँकेचं आहे. रिफंड पार्ककडून कार्डावर यायला हवा. एकरकमी कार्ड पेमेंट असेल तर बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाने चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत) मागता येतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत त्यासाठी साधारण 120 दिवसांची मुदत असते. बंद दिवसांपुरतीच रक्कम मागा. नऊ महिने पास वापरून पूर्ण 7,080 मागितले तर अर्ज फेटाळला जाईल, आणि तसं होणं बरोबरच आहे. यूपीआयने एकरकमी पैसे दिले असतील तर बँक बहुधा व्यवहार यशस्वी म्हणून हात वर करते. तिथे पार्क आणि ग्राहक कायदा हे मुख्य दरवाजे.

आता पत्र कोणाच्या नावाने लिहायचं ते पाहा, कारण बरीच प्रकरणं इथेच रखडतात. फलकावरचं पार्कचं नाव म्हणजे कंपनी नव्हे. पावतीवरचा जीएसटी क्रमांक घ्या. 29 ने सुरू होत असेल तर नोंदणी कर्नाटकातली, 27 महाराष्ट्रातली, 30 गोव्यातली. हा क्रमांक जीएसटी पोर्टलच्या करदाता शोधात टाकला की कायदेशीर नाव आणि पत्ता मिळतो. पत्र त्या नावाने, ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर चार ओळींत बसतो:

‘पास क्रमांक अमुक, मुदत 1 जून ते 31 मे. दि. 1 मार्च ते 31 मे असे 92 दिवस आपले पार्क बंद होते. देऊ केलेली मुदतवाढ मला मान्य नाही व मी ती वापरलेली नाही. जीएसटीसह रु. 1,784.55 मूळ खात्यावर 30 दिवसांत परत करावेत. हिशेब सोबत जोडला आहे.’

30 दिवसांचा आकडा कायद्यातून येतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) मध्ये, सदोष सेवेचे पैसे पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. सोबत पावती, पासाच्या दोन्ही बाजू, खरेदीच्या दिवशीच्या अटी आणि पार्क बंद असल्याच्या घोषणेचा तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. वेबसाइटवरच्या अटी नंतर बदलतात, म्हणून पास घेतल्याच दिवशी त्या पीडीएफ करून ठेवायची सवय लावा.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. ही पायरी फुकट आहे आणि लहान रकमांचं काम पुष्कळदा इथेच होतं.

आणि आता सीमाभागातल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवी अशी गोष्ट. ‘पार्क महाराष्ट्रात आहे, केस तिकडे जाऊन करावी लागेल’ असं सांगणारे भेटतात. 1986 च्या जुन्या ग्राहक कायद्यात ते बरंचसं खरं होतं. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम 34 मध्ये तक्रारदार जिथे राहतो किंवा स्वतः काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. चिकोडीच्या माणसाने खोपोलीच्या पार्कचा पास घेतला असेल तर तक्रार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरून व्हावी अशी विनंतीही करता येते. पत्त्याच्या पुराव्याला आधार किंवा रेशन कार्ड जोडा. पावती मराठीत असेल तर इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर सोबत द्या, तारीख उगाच वाया जात नाही.

तक्रारीची मुदत दोन वर्षं, कलम 69. ती पार्क बंद झाल्याच्या दिवसापासून मोजा, म्हणजे चूक होणार नाही. ‘प्रकरण वरिष्ठांकडे पाठवलं आहे’ अशा ईमेलांनी ही मुदत वाढत नाही. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर मात्र आयोगातली तक्रार पुढे सरकत नाही. तेव्हा जाहीर सूचनेत नाव दिलेल्या अधिकाऱ्याकडे पुराव्यासह दावा द्यावा लागतो, आणि त्याचे दिवस फार थोडे असतात.

पैसे देताना पार्क बहुधा एक फॉर्म पुढे करतं, ‘पूर्ण व अंतिम तडजोड’. पासाची मुदत शिल्लक असेल तर त्यावर तशीच सही करू नका. सहीच्या वर हाताने लिहा, ‘ही रक्कम दि. 1 मार्च ते 31 मे या बंद काळापुरती’, खाली तारीख घाला आणि सही केलेल्या फॉर्मची झेरॉक्स तिथेच मागून घ्या.