एकाच औषधाच्या दोन स्ट्रिप

नागपुरात मे महिन्यात चक्कर येते म्हणून कोणी दवाखान्यात आले की पहिला संशय उन्हावरच जातो, आणि पारा 45 अंशांच्या आसपास असताना तो वावगाही नसतो. सक्करदऱ्याच्या आमच्या दवाखान्यात त्या दिवशी मुलाचा हात धरून आलेल्या सत्तरीच्या आजींचा रक्तदाब बसून 112/70 भरला; उभे करून पुन्हा मोजला तेव्हा वरचा आकडा 84 वर आला होता. “मॅडम, एकबी गोळी चुकवली नाही मी,” असे त्या परत परत सांगत होत्या, आणि ते अक्षरशः खरे होते.

त्यांची औषधांची पिशवी मी टेबलावर रिकामी केली. एका स्ट्रिपमध्ये रक्तदाब कमी करणारे टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम होते. दुसरी स्ट्रिप वेगळ्या कंपनीची, वेगळ्या नावाची. तिच्यातही टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅमच, शिवाय जोडीला लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड. पहिली गोळी जुन्या डॉक्टरांनी दिलेली, तर दुसरी एका रुग्णालयातून सुटी होताना लिहून दिलेली. जुनी गोळी थांबवावी असे सुटीच्या कागदावर कुठेच नव्हते. दुप्पट झालेला डोस, लघवीवाटे जाणारे पाणी आणि मीठ, आणि वर विदर्भातला घाम, या तिन्हींचा परिणाम एकत्र झाला होता. पोटातले आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्रॅझोल आणि रॅबेप्रॅझोल या एकाच गटातल्या दोन गोळ्याही रोज सुरू होत्या.

मूळ औषधाचे नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम 2018 पासून लागू आहे, पण ज्यांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत त्यांना त्याचा काय उपयोग? आजी गोळ्या ओळखत होत्या त्या रंगावरून आणि आकारावरून.

या सगळ्याचे पैसे ई-रिक्षा चालवणारा मुलगा भरत होता, ही गोष्ट मला अधिक लागली. टेल्मिसार्टन 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत असल्याने त्याच्या किमतीला कमाल मर्यादा आहे, तरी त्या मर्यादेखाली ब्रँडनुसार दर बदलतात, आणि कुठे 10 तर कुठे 15 गोळ्यांची स्ट्रिप असल्याने सामान्य माणसाला तुलनाही करता येत नाही. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर औषध नियमांप्रमाणे केमिस्टला डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या अशा औषधाच्या बदल्यात दुसरे देता येत नाही. म्हणजे घेणाऱ्याला निवड नाही, विकणाऱ्याला मुभा नाही. घरचा महिन्याचा खर्च आमच्या पेनाने ठरतो. मूळ नाव सुवाच्य, शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावे, असे वैद्यक परिषदेच्या नियमांत 2016 पासून आहे, आणि वेळ नाही या सबबीखाली ते टाळणे मला पटत नाही.

आजींना मीठ-साखरेचे पाणी दिले, सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या तपासणीसाठी रक्त पाठवले. मिश्रणाची गोळी आणि आम्लाच्या दोनपैकी एक गोळी थांबवली. नव्या चिठ्ठीवर मूळ नावे लिहून खाली “बंद केलेली औषधे” असा वेगळा रकाना मराठीत भरला. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळी तेवढेच काम करेल का, असे मुलाने विचारले. “भाऊ, औषध तेच आहे आणि डोसही तोच. ती सुरू करा, आणि आईला पुढच्या आठवड्यात घेऊन या, आपण मोजून बघू,” असे मी सांगितले.

पुढच्या भेटीत उभ्याने रक्तदाब 126/78 होता आणि चक्कर थांबली होती. महिन्याचा औषधांचा खर्च निम्म्याच्याही खाली आला, हे मुलाने बिल दाखवून सांगितले.